पाण्यातील जड धातू आणि जीवाणूंचे साहाय्य

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आपण बहुधा आरोग्य, संगोपन किंवा संतवाङ्मय असा विषय ठेवीत आलो आहोत. यंदा चिटणीसबाईंनी मला पाण्याविषयी बोलावयास सांगितले. त्यातही त्यांनी एक प्रश्न नेमका विचारला: ‘पाण्यात शिसे, पारा असे धातू मिसळले तर ते काढून टाकणारे जंतू असतात म्हणे, हे खरे काय?’ प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ‘खरे आहे’ एवढेच सांगितले तर आपली दिशाभूल होईल, आणि ‘खरे नाही’ असे म्हटले तर अनेक शास्त्रज्ञांच्या श्रमांवर अन्याय होईल. म्हणून आज थोडे सविस्तर बोलते.

प्रथम जंतूंविषयी. जंतू म्हटले की आपल्याला पटकी, विषमज्वर, हगवण आठवते. आपण पाणी उकळतो, टाकीत क्लोरीनची पूड टाकतो, ते या जंतूंना मारण्यासाठीच. ते योग्यच आहे. पण रात्री दुधाला विरजण लावून आपण सकाळी दही काढतो, तेव्हा तेही काम जंतूच करतात. इडलीचे पीठ फुगते, उकिरड्याचे खत होते, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्रवायू बांधला जातो, ही सारी त्यांचीच कामे. पहिला पाऊस पडल्यावर मातीला जो वास सुटतो, तोही जमिनीतल्या स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जीवाणूंनी तयार केलेल्या एका द्रव्याचा असतो. तेव्हा जीवाणूंमध्ये वाईट आहेत तसे उपकारकही आहेत, आणि बहुसंख्य तर आपल्याकडे ढुंकूनही न पाहता आपापला संसार करीत असतात.

हा संसार ते कोठे कोठे थाटतात याचे एक उदाहरण आपल्यापासून फार दूर नाही. वाशीमच्या पलीकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. त्याचे पाणी इतके खारे व क्षारयुक्त आहे की आपण ते तोंडात धरू शकणार नाही. २०२० सालच्या जून महिन्यात ते सरोवर एकाएकी गुलाबी झाले. नागपूरची ‘नीरी’ व पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे तपासणीसाठी पाणी गेले, तेव्हा आढळले की मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपल्या अंगच्या रंगाने ते सरोवर रंगविले होते. जेथे दुसरे कोणी जगणार नाही तेथे सूक्ष्मजीव जगतात. धातूंनी विषारी झालेल्या पाण्यातही काही जीवाणू जगतात, आणि आजच्या विषयाचे मूळ याच गोष्टीत आहे.

आता जड धातूंविषयी. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम ही नावे या संदर्भात नेहमी येतात. आर्सेनिक म्हणजे सोमल, यालाही याच पंक्तीत बसवतात. जंतू मारता येतो, शेण-मूत कुजून त्याची माती होते, पण धातू मरत नाही, कुजत नाही व जळत नाही. पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि धातू भांड्यात राहतो. म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. क्लोरीनच्या पुडीचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. स्वच्छ काचेसारख्या दिसणाऱ्या पाण्यातही तो असू शकतो.

किती असला म्हणजे घातक? आपल्या देशाच्या भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी २०१२ मध्ये जी मर्यादा घातली आहे, तीनुसार एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. कॅडमियमची मर्यादा ०.००३, पाऱ्याची ०.००१ आणि एकूण क्रोमियमची ०.०५ मिलिग्रॅम. हे आकडे ऐकून काही बोध होत नाही, म्हणून आपल्या परिचयाच्या मापाने सांगते. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर येतो. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर दहा टँकर पाण्यात मिळून एक ग्रॅम शिसे विरघळले की मर्यादा गाठली. पाऱ्याच्या बाबतीत तर एक ग्रॅमला शंभर टँकर! एक ग्रॅम म्हणजे फार थोडे वजन. मोटारीची किंवा इन्व्हर्टरची एक जुनी बॅटरी घेतली तर तिच्यात शिसे किलोंनी असते. या हिशेबावरून तुम्हीच विचार करा.

हे धातू शरीरात साठतात. शिसे हाडांत जाऊन बसते, कारण शरीर त्याला चुन्यासारखे म्हणजे कॅल्शियमसारखे समजते. पुढे बाई गरोदर राहिली, गर्भाला कॅल्शियम पुरविण्यासाठी हाडे झिजू लागली, की त्याबरोबर हे साठलेले शिसेही रक्तात उतरते आणि गर्भापर्यंत पोहोचते. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला त्याने इजा होते. शिशाचे अमुक इतके प्रमाण मुलांना निर्धोक आहे असे आज जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. म्हणूनच हा विषय बायकांच्या मंडळात बोलण्याचा आहे असे मी समजते.

जपानमधील एक हकिगत सांगते. तेथे तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. तिच्यातून कॅडमियम नदीत उतरे, नदीचे पाणी भातखाचरांत जाई, आणि तो भात लोक वर्षानुवर्षे खात. तेथील बायकांना, विशेषतः पुष्कळ बाळंतपणे झालेल्या व वय उतरलेल्या बायकांना, हाडांचे विलक्षण दुखणे जडले. खोकला आला तरी बरगडी मोडावी अशी हाडे ठिसूळ झाली. त्या बिचाऱ्या ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे कण्हत. रोगाला नावही तेच पडले. जपान सरकारने हा रोग प्रदूषणामुळे होतो हे १९६८ साली मान्य केले. तोपर्यंत कित्येक बायकांचे आयुष्य अंथरुणात संपले होते. नदी तीच, शेत तेच, भात तोच. डोळ्यांना कॅडमियम दिसत नव्हते.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर आता मूळ प्रश्नाकडे येऊ. असे धातू पाण्यातून काढण्याच्या कामी जीवाणू कसे उपयोगी पडतात? त्यांच्या तीन रीती मी सांगणार आहे. तिन्ही आपल्या स्वयंपाकघरातल्या व घरातल्या अनुभवाशी ताडून पाहता येतात.

पहिली रीत चिकटवून घेण्याची. जीवाणूच्या पेशीच्या भिंतीवर ऋण विद्युतभाराच्या जागा असतात, आणि पाण्यात विरघळलेल्या धातूवर धन भार असतो. दोहोंचे आकर्षण होऊन धातू पेशीला चिकटतो. कणकेच्या हाताला तीळ चिकटावेत तसा हा प्रकार. यात गंमत अशी की, यासाठी जीवाणू जिवंत असलाच पाहिजे असे नाही. मेलेल्या जीवाणूंचा वाळलेला चोथाही हे काम करतो. औषधांच्या कारखान्यांत जीवाणू वाढवून औषध काढून घेतले की मागे असा चोथा उरतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने काम केले. असा टाकाऊ चोथा पाण्यातील शिसे व जस्त कसा धरून ठेवतो, हे त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९९९ मध्ये सिट्रोबॅक्टर नावाच्या जीवाणूच्या एका जातीवर त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिसे, कॅडमियम व जस्त असे तीन धातू घेतले होते. अशा रीतीने चिकटलेला धातू सौम्य आम्लाने पुन्हा धुऊन काढता येतो, म्हणजे धातूही परत मिळतो व चोथाही पुन्हा वापरता येतो.

या संस्थेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये पुण्यात ती उभारली. तेव्हा तिचे नाव महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी होते, आणि १९९२ पासून ती आघारकरांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या लोकांनी, आपल्या भाषेतले नाव देऊन काढलेली संस्था इतक्या सूक्ष्म विषयात काम करते, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

दुसरी रीत रूप पालटण्याची. धातू तोच, पण त्याचे रूप बदलले की त्याचा स्वभाव बदलतो. क्रोमियमचे उदाहरण घ्या. त्याचे एक रूप, ज्याला शास्त्रज्ञ सहा संयुजेचे क्रोमियम म्हणतात, पाण्यात सहज विरघळते, मातीतून झिरपत विहिरीपर्यंत जाते आणि कर्करोगाला कारण होते. भांड्यांना व यंत्रांच्या भागांना चकाकी देणाऱ्या मुलाम्याच्या कारखान्यांतून ते बाहेर पडते. त्याच क्रोमियमचे तीन संयुजेचे रूप फारसे विरघळत नाही, तळाशी बसते, आणि पहिल्याच्या मानाने बरेच सौम्य आहे. काही जीवाणू आपल्या श्वसनाच्या व पोषणाच्या ओघात पहिल्या रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या जीवाणूवर असा अभ्यास झाला, व तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. मघाशी मी पावसाच्या वासाचे जे जीवाणू सांगितले त्याच कुळातला हा. आणि क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ साली याच जातीपासून मिळाले. आपल्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांचे प्राण त्या इंजेक्शनांनी वाचले आहेत.

पाऱ्याच्या बाबतीतही जीवाणू रूप पालटतात. गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी भारताच्या किनाऱ्यावरच्या पाण्यातून पारा सहन करणारे जीवाणू वेगळे केले. असे जीवाणू जागोजागी वाढत चालल्याचे त्यांना दिसले, ही खरे तर काळजीचीच खूण होती. कारण पारा वाढला तरच पारा सोसणारे वाढतात. पण २००८ साली त्यांनी असेही दाखविले की हे जीवाणू कॅडमियम आणि शिसेही पाण्यातून कमी करू शकतात. पारा सोसणारा जीवाणू विरघळलेल्या पाऱ्याचे मूळ धातूत रूपांतर करतो व तो वाफ होऊन उडून जातो. उडून गेला म्हणजे संपला असे मात्र नव्हे. तो हवेत गेला. म्हणून जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २००० सालाच्या सुमारास जे यंत्र कारखान्याच्या सांडपाण्यावर चालविले, त्यात सच्छिद्र दगडाच्या खड्यांवर हे जीवाणू वाढवून पाऱ्याचे थेंब त्या थरातच अडकवून ठेवले होते.

तिसरी रीत साका पाडण्याची. आपले चांदीचे पैंजण काही दिवसांनी काळे पडतात. हवेतल्या गंधकयुक्त वायूशी चांदीचा संयोग होऊन तो काळा थर बनतो. आता गटारातला गाळ आठवा. तोही काळाकुट्ट असतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्या गाळात, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात. ते तो वासाचा गंधकयुक्त वायू सोडतात, आणि गाळातल्या लोखंडाशी त्याचा संयोग होऊन काळा रंग येतो. शिसे, जस्त, कॅडमियम, तांबे यांच्याशीही तो असाच जोडला जातो, व झालेला पदार्थ पाण्यात विरघळत नाही. तो खाली बसतो. ज्या गाळाला आपण नाक मुरडतो, त्यातल्या या जीवाणूंना शास्त्रज्ञांनी बंद टाकीत कामाला लावले. नेदरलँड्स देशात बुडेल या ठिकाणी जस्ताचा मोठा कारखाना आहे. त्याच्या आवारातील भूजल धातूंनी दूषित झाले होते. १९९२ पासून तेथे हे पाणी अशा जीवाणूंच्या टाक्यांतून नेण्यात येऊ लागले. टाकीत जो साका जमतो, तो पुन्हा भट्टीकडे पाठवून त्यातले जस्त परत मिळवितात.

चौथे एक उदाहरण तर याहून निराळे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात रायफल नावाच्या गावी युरेनियमचा जुना कारखाना होता, आणि तेथील जमिनीखालच्या पाण्यात युरेनियम उतरले होते. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी जमिनीत बाहेरचे जीवाणू न सोडता, तेथे मुळात असलेल्या जिओबॅक्टर नावाच्या जीवाणूंना खाद्य दिले. ते खाद्य म्हणजे आपण लोणच्यात घालतो त्या शिरक्याच्याच कुळातले, ॲसिटेट. खाद्य मिळताच ते जीवाणू वाढले, व विरघळलेले युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात जमिनीत बसू लागले. खाद्य संपले की काम मंदावे. विरजणाला ऊब लागते तशी यांनाही निगा लागते.

आणि शेवटी अगदी आपल्या दाराशी दिसणारे एक उदाहरण. काही हातपंपांचे पाणी भरून ठेवले की तासाभरात तांबूस होते, आणि हंड्याच्या तळाशी बुळबुळीत तांबडा थर बसतो. त्यात पुष्कळदा लोखंड गंजविणाऱ्या जीवाणूंचा हात असतो. ते पाण्यात विरघळलेल्या लोहाचे गंजात रूपांतर करतात. पाण्याच्या काही शुद्धीकरण केंद्रांत वाळूच्या थरावर हेच जीवाणू मुद्दाम वाढू देतात, म्हणजे लोह वाळूतच अडकते. आणि गंजाला आर्सेनिक चिकटत असल्याने तेही काही अंशी त्याबरोबर निघते.

हे सारे ऐकून आपल्यापैकी कोणाला वाटेल, मग चिंता कसली? बाजारातून जीवाणूंची पुडी आणावी आणि विहिरीत टाकावी! नेमके हेच मला टाळावयाचे आहे, आणि त्यासाठीच आजचे निमंत्रण मी स्वीकारले. संडासाच्या टाकीसाठी, खतासाठी अशा जीवाणूंच्या पुड्या दुकानात मिळतात, व त्या कामापुरत्या त्या ठीक असतात. पण उद्या कोणी ‘ही पुडी विहिरीत टाका, सर्व विषारी धातू नाहीसे होतील’ असे सांगत आले, तर त्याला आपण तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, धातू गेला कोठे? धातू नाहीसा होत नाही, हे आपण पाहिले. जीवाणूने तो धरला असेल तर धरलेला धातू जीवाणूसह विहिरीच्या तळाशी बसला. तो गाळ बाहेर काढून सुरक्षित जागी नेला तरच पाणी शुद्ध झाले. नाही तर पुढच्या पावसात, गाळ ढवळला गेला किंवा पाण्याची आम्लता बदलली, की तोच धातू पुन्हा वर येईल. कारखान्यात हे काम बंद टाकीत चालते ते याचसाठी.

दुसरा प्रश्न, हा जीवाणू दुसरे काय करतो? याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. जपानच्याच मिनामाता गावी एका रसायनांच्या कारखान्याने खाडीत पारा सोडला. मासे खाऊन माणसांना भयंकर रोग झाला व १९५६ मध्ये तो उघडकीस आला. तेथे पाऱ्याचे अतिविषारी रूप कारखान्यातूनच बाहेर पडत होते. पण पुढे संशोधनात कळले की, नद्या-तळ्यांच्या गाळात साध्या पाऱ्याचे असे अतिविषारी रूपांतर करणारे जीवाणूच असतात. आणि त्यांत काही ते सल्फेटवर जगणारे, ज्यांची मी आता स्तुती केली, तेही आहेत. बंगालमध्ये लक्षावधी लोकांच्या नळकूपांत आर्सेनिक आले, त्यातही जमिनीखाली लोहाचा गंज विरघळविणाऱ्या जीवाणूंचा वाटा आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे एकच जीवाणू टाकीत सेवक असतो आणि मोकळ्या गाळात घात करतो. चुलीतला विस्तव पदरात घेऊ नये, तसेच हे.

तिसरा प्रश्न, तपासणी कोठे केलीत? पाणी आधी किती दूषित होते व नंतर किती उरले, हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या कागदावर दाखवा, म्हणावे. त्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा शेतीचा आहे. नरसीला नामदेव महाराजांच्या गावाजवळून वाहणारी कयाधू, दक्षिणेकडची पूर्णा, उत्तरेकडची पैनगंगा, सिद्धेश्वर व इसापूरची धरणे, आणि बाकी विहिरी व बोअर, यांवर आपले जगणे आहे. धातूंचे मोठाले कारखाने आपल्याकडे नाहीत, ही भाग्याची गोष्ट. मग धातू येणार कोठून? आपल्याच हातून. निकामी बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणे, मोडके मोबाईल व वायरी जाळून तांबे काढणे, जुन्या रंगाची भिंत खरवडून ती पूड नाल्यात लोटणे, गणपती-दुर्गादेवीच्या मूर्तींना भडक रासायनिक रंग देऊन त्या नदीत बुडविणे, या वाटा लहान आहेत. पण मघाचा दहा टँकरांचा हिशेब आठवला तर त्या लहान वाटणार नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये जे नियम केले व २०२० मध्ये सुधारले, त्यांत विषारी रंग टाळण्यास सांगितले आहे, ते याच कारणाने.

आपल्या वसमतची हळद देशात नावाजलेली. तिच्याविषयीही एक सावधगिरी सांगते. काही ठिकाणी मळकट हळकुंडांना झळाळी यावी म्हणून व्यापारी लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग लावतात. नावावरूनच दिसते, त्यात शिसे व क्रोमियम दोन्ही. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसे आढळले, त्याचा माग काढता काढता शास्त्रज्ञ हळदीपर्यंत पोहोचले. २०१९ मध्ये हे जाहीर झाल्यावर तेथील सरकारने बाजारात धाडी घातल्या, लोकांना सावध केले, आणि २०२१ पर्यंत बाजारातल्या हळदीतले हे शिसे जवळजवळ नाहीसे झाले. पाहा, दोन वर्षांत! कोणतेही जीवाणू लागले नाहीत. घरच्या घरी करण्याची एक चाचणी आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितली आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात हळकुंड सोडावे. शुद्ध हळकुंड पाण्याला लगेच रंग देत नाही. रंगविलेले असेल तर पाणी तत्काळ भडक पिवळे होते. आपल्या शेतकऱ्याची हळद अस्सल आहे, तिला अशा रंगाची गरज नाही. म्हणूनच तिचे नाव राखणे हे आपलेही काम आहे.

आता मंडळाने काय करावे? मी चार गोष्टी सुचविते. त्यांतील एकही खर्चाची नाही.

एक, पाण्याची तपासणी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासण्याची पेटी वापरण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्यापैकी ज्यांनी ते घेतले असेल त्यांचे मी अभिनंदन करते. परंतु ध्यानात ठेवा, त्या पेटीने पाण्याचा कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, क्लोरीन इत्यादी कळते. शिसे, पारा, कॅडमियम कळत नाहीत. त्यांसाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो आणि ‘जड धातूंची तपासणी हवी’ असे स्पष्ट सांगावे लागते. जेथे जवळपास भंगाराचे किंवा बॅटऱ्यांचे काम चालते, तेथल्या विहिरीचा असा नमुना ग्रामपंचायतीमार्फत अवश्य पाठवावा.

दोन, बॅटऱ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जुनी बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्याला न देता नवीन घेताना दुकानदारालाच द्यावी. घड्याळाच्या, खेळण्यांच्या बारीक बॅटऱ्यांसाठी मंडळाच्या खोलीत एक झाकणाचा डबा ठेवता येईल.

तीन, शोषखड्डे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारे व डास हटविले, हे आपण ऐकले आहे. मोरीचे व भांड्यांचे पाणी त्यात जिरते, आणि त्यातली घाण खाण्याचे काम खड्ड्यातले जीवाणूच करतात. पण या खड्ड्यात रंगाचे डबे, बॅटरीचे ॲसिड, फवारणीच्या पंपाचे धुवण कधीही जाऊ देऊ नका. जीवाणू उष्टे-खरकटे पचवितात, शिसे पचवीत नाहीत. खड्ड्यातून झिरपलेले पाणी अखेर आपल्याच विहिरीत यावयाचे आहे.

चार, पिण्याचे पाणी. ते गाळावे, उकळावे, क्लोरीन घालावे. हे नियम पूर्वीइतकेच खरे आहेत, कारण आपल्याकडे जंतूंचा धोका रोजचा आहे. मात्र एखाद्या विहिरीत जड धातू आढळलेच, तर उकळण्यावर विसंबू नका. त्या विहिरीचे पाणी पिण्यास व स्वयंपाकास बंद करून दुसरी सोय मागा. ही मागणी करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

भगिनींनो, जीवाणूंवर चाललेले संशोधन मोलाचे आहे. जेथे खाणी व कारखाने यांनी पाणी आधीच बिघडविले आहे, तेथे कमी खर्चात ते सुधारण्याची ही एक मोठी आशा आहे. आपल्या मुली विज्ञान शिकतात. त्यांतल्या कोणी उद्या पुण्याच्या नाही तर नागपूरच्या प्रयोगशाळेत हे काम करावे, असे मला मनापासून वाटते. पण ते औषध आहे, आणि पथ्य आपल्या हाती आहे. कयाधूचे पाणी बिघडले तर ते सुधारण्यासाठी टाक्या, यंत्रे, तज्ज्ञ आणि कोटी रुपये लागतील. ते बिघडू न देण्यासाठी झाकणाचा एक डबा आणि मंडळाचा एक ठराव पुरतो. असा ठराव आजच्या सभेत मांडावा, अशी मी अध्यक्षाबाईंना विनंती करते.